उंदीरमावशीच्या बांगड्या

माझी बायको रोज सकाळी साडेआठला हातातल्या सगळ्या बांगड्या काढायची आणि संध्याकाळी सहाला परत भरायची. नवरा जिवंत असताना दिवसभर मोकळ्या हातानं वावरणारी बाई आमच्या अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. कामावरच्या गेटाबाहेर पायरीवर बसायची, एकेक बांगडी उतरवायची आणि चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मधे फडक्याचा तुकडा घालायची, म्हणजे वाजू नयेत. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा रस्त्यावरच ओरडलो, "मी जिता हाय ना अजून?"

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "हाय की. पर उंदरांना त्येचं काय?"

नागापूरच्या एमआयडीसीत औषधांवर संशोधन करणारी एक लॅब होती, तिथं ती उंदरांच्या खोलीत कामाला होती. मी तिथून दोन रस्ते पलीकडं फाउंड्रीत, वाळूचे साचे करायला. लोखंड ओतायचं, साचा फोडायचा, वाळू झाडायची, परत भरायची. तीस वर्षं तेच केलं. ती आधी पिंजरे धुवायला लागली. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाणं टाकायचं. कॉलनीतली पोरं तिला उंदीरमावशी म्हणायला लागली. लॅबमधले नुसतंच मावशी म्हणायचे. मला त्या नावाची लाज वाटायची. तिला नाही. "मावशी म्हन्त्यात ना, झालं तर. उंदराची आसंना का," म्हणायची.

तिचे हात. त्यांच्यावर लिहायलाच पाहिजे. उंदीर हातात घ्यायच्या आधी ती दोन्ही हात काखेत दाबून उभी राहायची, थंडीत राहतात तशी. हात गरम झाले की मग पिंजऱ्यात घालायची. गार हात लागला किंवा बांगडी वाजली की उंदीर दचकतो, आणि एकदा दचकला की अर्धा तास त्याचा श्वास ठिकाणावर येत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातात घेऊन ती त्याच्याशी बोलायची पण नाही, नुसता सूर काढायची. "हूं... हूं... झालं." माहेरी मिरजगावला म्हशीची धार काढताना ती हाच सूर काढायची. म्हशीला चालतो तो उंदराला का चालू नये, एवढाच तिचा हिशोब.

उंदरांना नावं ठेवायची नाहीत हा तिचाच नियम होता. मॅडमचा नाही. नाव दिलं की जीव गुंततो म्हणायची, आणि त्या वेळी लॅबमधले उंदीर फार दिवस टिकत नव्हते. त्यामुळं एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पण कोणता नंबर कोणत्या कुशीवर झोपतो, कोण पाणी पिताना बाटली खडखडवतो, हे ती जेवताना मला सांगायची. मी भाकरी मोडत असायचो आणि ती पाच नंबरच्या शेपटीचं काहीतरी सांगत असायची. मी म्हणायचो, गप जेव की. आता ताट समोर घेतलं की कुणीच काही सांगत नाही.

मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टर. वयानं आमच्या मुलीएवढ्या, अंगानं काडी, आणि हट्ट म्हणाल तर बैलाचा. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या आजारावर त्यांचं काम चालायचं. आजारी केलेल्या उंदरांना औषध द्यायचं आणि फरक पडतो का बघायचं. आता फरक बघायचा कसा? तर जुनी पद्धत अशी, की दर पंधरा दिवसांनी थोडे उंदीर मारायचे, छाती उघडायची आणि आत बघायचं. मॅडमनी एक छोटा सीटी स्कॅन आणवला होता. माणसाचा असतो तसाच, पण उंदरापुरता. उंदराला नाकाला नळी लावून वासाचं औषध देऊन झोपवायचं, खाली गरम गादी, आणि मशीन त्याच्या छातीचे फोटो काढणार. कापाकापी नाही. दहा मिनिटांनी उंदीर उठून परत भुशात. पंधरा दिवसांनी परत तोच उंदीर, परत फोटो. त्याच जिवात आजार वाढला की कमी झाला ते दिसणार.

मला हे कळेना. बायकोनं एका वाक्यात सांगितलं. "मुळं धरली का बघाया रोज एक रोप उपटायचं, आन म्हनायचं पीक कसं वाढतंय ते कळलं. त्ये ह्या मोठ्या सायबाचं. मॅडम रोपाला हात न लावता मुळं बघत्यात."

मॅडमना हे जेव्हा कळलं तेव्हा त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. बायको दोन दिवस हवेत होती.

मोठे साहेब म्हणजे मॅडमच्या वरचे, लॅबचे मुख्य. वाईट नव्हते, जुने होते. तीस वर्षं त्यांनी छाती उघडून डोळ्यांनी बघितलेलं. पडद्यावरच्या चित्रावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मशीन तीन महिन्यांच्या ट्रायलवर आलेलं. बारा उंदीर दिले, सहा निरोगी, सहांची फुप्फुसं आजारी केलेली. तीन महिन्यांत मशीननं दोन्हीतला फरक नीट दाखवला तर मशीन राहील, नाहीतर परत जाईल आणि जुनं चालू. बायकोच्या मनात एवढंच होतं की मशीन राहिलं तर हे बारा राहतात, आणि ह्यांच्यानंतर येणाऱ्यांचंही मरण कमी होतं. ती त्या मशीनसाठी पदर खोचून उभी राहिली. झोपलेल्या उंदराचा श्वास संथ असला तरच फोटो नीट यायचा, नाहीतर पुसट. तिच्या हातून गेलेल्या उंदराचा फोटो नेहमी नीट यायचा. मॅडम सगळ्यांसमोर सांगायच्या, माझ्या मशीनचा अर्धा भाग म्हणजे मावशी.

आणि मग खंडेनवमी आली.

इथून पुढं जे झालं त्यात माझा हात आहे, ते आधीच लिहून टाकतो. आमच्या फाउंड्रीत खंडेनवमीला भट्टीपासून हातोडीपर्यंत सगळ्याची पूजा होते. झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ, ऊद. नागापुरात त्या दिवशी एकही मशीन बिनपूजेचं राहत नाही. मी सकाळी तिला विचारलं, तुमच्या मशीनचं काय? ती म्हणाली, तिथं वासाचं काही चालत नाही, गजरासुद्धा नेऊ देत नाहीत. मी म्हणालो, "एवढ्या लाखामोलाचं मशीन, आन त्येला एक फूल न्हाई? मंग रुसंल न्हाई तर काय करंल?" तिला ते लागलं. ट्रायलचे थोडेच दिवस राहिलेले, आणि मशीन राहतंय का जातंय हे तिच्या डोक्यात सारखं. आमच्या देवघरातलं पितळेचं धुपाटणं मीच तिच्या पिशवीत घातलं. गोवरीचे तुकडे आणि ऊद मीच बांधून दिला.

दुपारी सगळे लवकर घरी गेले. तिनं मशीनला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि धुपाटणं पेटवलं. कुणाला वास जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. निखारा विझू नये म्हणून हवा ओढणारा पंखा बंद केला. आणि पाच मिनिटांत येते म्हणून बाटल्या धुवायला गेली. बाटल्यांना तास लागला. दार उघडलं तर आत धूर असा कोंदलेला की समोरचं दिसेना. सहा निरोगी उंदरांचे पिंजरे त्याच खोलीत होते, दसऱ्यानंतर त्यांचं स्कॅन म्हणून आणून ठेवलेले. सगळे नाक पुसत होते आणि शिंकत होते. तिनं पंखा लावला, ओल्या फडक्यानं खोली पुसली, धुपाटणं पिशवीत घातलं आणि घरी आली. मला म्हणाली, जरा धूर झाला. मी म्हणालो, पूजेचा धूर, त्यानं काय होतंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्कॅन झालं. पडद्यावर निरोगी फुप्फुस काळं दिसतं, कारण आत नुसती हवा. त्या दिवशी सहाच्या सहा निरोगी उंदरांच्या छातीत खालच्या अंगाला पांढरट ढग दिसला. पहाटे विहिरीवर धुकं बसतं तसा. आजारी सहा शेजारच्या खोलीत होते, ते जसे होते तसेच.

साहेब म्हणाले, एकतर मशीन खोटं दाखवतंय, नाहीतर निरोगी उंदरांना कसला तरी संसर्ग झालाय. काहीही असलं तरी ट्रायल फुकट गेली. शनिवारी बाराही उंदीर मारून टाका, खोली धुऊन घ्या, सोमवारी मशीन पाठवा. मॅडमचा चहा टेबलावर तसाच राहिला, साय धरली, आणि तो कप बायकोनं उचलला. हे तिनं मला घरी सांगितलं, दारातच, चपला पण काढल्या नव्हत्या.

मी तिला गप बसायला सांगितलं. खोटं कशाला लिहू? म्हणालो, कुणी बघितलंय? नोकरी जाईल. बारा उंदरांसाठी कुणी आपला घास सोडतं का? ती भाजी निवडत होती. निवडून संपवली. मग म्हणाली, "मशीन खोटं बोललं न्हाई. आपून तिथं धूर केला आन त्येनं बरोब्बर दाखिवला. खोटं मी बोलतीय, गप बसून."

मी म्हणालो, तुला काढून टाकतील.

"काढू द्या. उंदराला काढलं तर त्यो जातो कुटं?"

दुसऱ्या दिवशी तिनं धुपाटणं पिशवीत घातलं. मी सोडायला गेलो. गेटात साहेबांची गाडी उभी होती, पुढं दसऱ्याचा झेंडूचा हार, वाळलेला. बायकोनं त्याच्याकडं बघितलं आणि आत गेली. पुढचं मला मॅडमनी कितीतरी वेळा सांगितलंय, आणि दर वेळी त्या हसून सांगतात.

साहेबांच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध, तिनं ते काळं पडलेलं धुपाटणं ठेवलं. म्हणाली, "सायेब, तुमच्या फोटोतला ढग ह्यो."

सगळं सांगितलं. पंखा बंद केला तेही. साहेब लाल झाले. मावशी, तुम्हाला नियम माहीत होता ना? व्हय म्हणाली. मग?

"खंडेनवमी हुती, सायेब. तुमच्या गाडीला बी हार हाय की."

साहेब खिडकीतून गाडीकडं बघायला लागले. मॅडम मात्र वही काढून विचारत होत्या, किती वाजता, किती वेळ, पंखा कधी लावला. रागाचा शब्द नाही. लिहून झाल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या, "सर, हा धूर असेल तर ढग आपोआप ओसरेल. संसर्ग असेल तर वाढेल. मशीन खराब असेल तर आहे तसाच राहील. पंधरा दिवस द्या. पण उंदीर जिवंत पाहिजेत, हेच उंदीर."

साहेबांनी पंधरा दिवस दिले. आणि बायकोला सांगितलं, हे पंधरा दिवस गेटाच्या आत यायचं नाही. त्यानंतरचं नंतर बघू.

ते पंधरा दिवस ती घरी होती, हातभर हिरव्या बांगड्या घालून. मला वाटलं, बरं झालं, बाई बाईसारखी दिसतेय. पण तिचं कशात लक्ष नव्हतं. स्वयंपाक करताना बांगड्या मागं सारायची, परत मागं सारायची. रविवारी म्हणाली, आज बाटल्या कुणी भरल्या असतील? मी म्हणालो, भरल्या असतील कुणीतरी. म्हणाली, चार नंबर बाटली वाजवल्याशिवाय पीत न्हाई, नव्या माणसाला वाटंल बाटली बिघडली.

पंधराव्या दिवशी सकाळी अकराला मला फाउंड्रीत मॅडमचा फोन आला. उंदीर कुणाच्या हातात राहत नाहीत, श्वास धावतोय, फोटो पुसट येताहेत, साहेब समोर बसलेत. मावशींना घेऊन या. मी सायकल स्टँडवरून दोस्ताची मोटरसायकल उचलली आणि तिला घरून आणली. गेटावर ती पायरीवर बसली आणि बांगड्या उतरवायला लागली. सगळ्या निघाल्या, उजव्या हातातली एक निघेना. पंधरा दिवस धुणीभांडी करून हात सुजलेले. थुंकी लावली, तेल मागितलं, वॉचमनकडं तेल कुठलं. आतून दोनदा बोलावणं आलं.

तिनं दगड उचलला. सवाष्णीनं हातानं बांगडी वाढवायची म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "नवरा जिता हाय का? हाय. मंग झालं तर. तिकडं बघा तुमी."

मी तिकडं बघितलं. बांगडी वाजली. वळलो तर ती काचा डब्यात भरत होती, मनगटावर बारीक रक्त, आणि मग पदरानं पुसून, हात काखेत घालून ती चालायला लागली. आत पोचेपर्यंत हात गरम पाहिजेत ना.

मी दुपारी तीनपर्यंत वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा होतो. फाउंड्रीतली शिफ्ट बुडाली. आत काय झालं ते असं. एक नंबर हूं म्हणताच झोपला. छाती काळी, स्वच्छ. दोन नंबर स्वच्छ. तीन नंबर स्वच्छ. साहेब खुर्ची पुढं ओढत ओढत पार पडद्याला नाक लागेल इतके जवळ आले. चार नंबरला डाव्या बाजूला अजून जरासा ढग होता. साहेब लगेच म्हणाले, बघा, हा गेला नाही, आता काय म्हणता? उत्तर बायकोनं दिलं, हातात उंदीर धरून.

"त्येचा पिंजरा धुपाटण्याला चिकटून हुता, सायेब. सगळ्यात जास्त धूर त्येनंच खाल्लाय."

पाच आणि सहा स्वच्छ निघाले. आजारी सहांच्या छातीतलं जसंच्या तसं, उलट थोडं वाढलेलं. मशीननं धूर आणि आजार वेगळा करून दाखवला होता, आणि वर कुठला पिंजरा जवळ होता तेही. एकही छाती न उघडता. साहेब उठले, आणि मॅडमना नाही, आधी बायकोला म्हणाले, "मावशी, मशीन राहील. तुम्हीही राहा. धुपाटणं घरी ठेवा."

ती गेटाबाहेर आली तेव्हा तिचं तोंड बघायला पाहिजे होतं. लग्नात सुद्धा ती अशी दिसली नव्हती. मला म्हणाली, ढग गेला, आणि रस्त्यातच हसायला लागली. मी पण हसलो. कशाला हसतोय हे वॉचमनला कळेना, तोही हसला. त्या संध्याकाळी आम्ही कासाराकडं जाऊन डझनभर नव्या बांगड्या भरल्या.

पुढं घरातही ती मास्तरीण झाली. अंघोळीच्या पाण्याची चूल बंद. देवापुढं उदबत्ती बंद, नुसतं निरांजन. आणि मी. तीस वर्षं वाळू खाल्लेली छाती, खोकला नित्याचा. म्हणाली, उंदरानं तासभर धूर खाल्ला तर एवढा ढग, तुमचं आत काय झालं आसंल? मी नाही म्हणालो. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी गेलो. माणसाच्या त्या मोठ्या मशीनमध्ये मी आडवा पडलो आणि माझं काळीज धडधडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हलू नका. ती दारातून म्हणाली, "हूं... हूं... झालं." मी हललो नाही. वाळूचे डाग निघाले, पण वेळेत निघाले. साच्यावरून मला स्टोअरला घेतलं, आणि डाग तिथंच थांबले. आज हे लिहितोय ते त्यामुळं.

उंदरांचं बघितलं, माझं बघितलं, तिचं राहिलं. तिच्या छातीचा फोटो कुणी काढला नाही. तिला कधी काही झालंच नव्हतं. काही वर्षांनी आषाढात एका सकाळी बांगड्या उतरवायच्या आधी पायरीवर बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मॅडम तिरडीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला कळायला पाहिजे होतं. मी म्हणालो, मॅडम, मी तिच्याशेजारी चाळीस वर्षं झोपलो, मला नाही कळलं. तिला हिरवा चुडा भरूनच नेली. त्या दिवशी मात्र कुणी उतरवायला सांगितला नाही.

यंदा खंडेनवमीला मॅडमनी मला बोलावलं. मशीनची पूजा आता दरवर्षी होते, तिनंच घालून दिलेल्या रीतीनं. दाराच्या बाहेर, उंबऱ्याला हळदीकुंकू आणि एक फूल. ऊद नाही, धूप नाही, नारळ खाली अंगणात. साहेब निवृत्त झालेत, तरी आले होते. नारळ मला फोडायला लावला. तिच्या जागी आता दुसरी बाई आहे, नागापूरचीच, चाळिशीची. ती पायरीवर बसून बांगड्या काढत होती आणि रुमालात बांधत होती. वाजत होत्या. मी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, आतली फुटकी काच माझ्या खिशात घातली, आणि डबा तिला दिला. फडकं आहे आत, मधे घाल, म्हणालो.

मला आत जायला परवानगी नाही, मी काचेबाहेर उभा राहिलो. बाईनं दोन्ही हात काखेत घातले. जरा वेळ थांबली. मग पिंजऱ्यात हात घालून उंदीर उचलला. ती माझ्या बायकोला कधी भेटलेली नाही, जे शिकली ते मॅडमकडून. पण दार अर्धं उघडं होतं आणि आतून आवाज आला, "हूं... हूं... झालं."

उंदीर झोपला. मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला. छाती काळीभोर, स्वच्छ. ढग कुठंच नव्हता.